वास येत नाही म्हणणाऱ्या बाईला आलेला वास

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कमेंटमध्ये वाद नको. मी लोहाऱ्यात एका खासगी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. वीस वर्षं झाली. भूत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. लिंबू-मिरचीच्या विरोधात दरवर्षी वर्गात एक तास घेते मी. या ग्रुपवर तीन वर्षं नुसती वाचत आले आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना हसत आले. आता हसायची पाळी तुमची... हसा. पण पूर्ण वाचून मग हसा. कारण यातला अमानवीय भाग जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. बाकी सगळं माणसांनीच केलेलं आहे आणि माझा राग त्याच्यावर आहे.

दुसऱ्या लाटेत मला कोविड झाला. ऑक्सिजन कधी खाली गेला नाही, ॲडमिट व्हावं लागलं नाही. "तुम्हाला हलका झाला," असं सगळे म्हणाले. हलका! पाचव्या दिवशी बामची डबी नाकाला लावली तर काहीच आलं नाही. डबी संपली असेल म्हणून बोट घालून बघितलं, बाम होता. वास नव्हता. म्हटलं येईल आठवड्यानं. सगळ्यांचा आला, माझा आला नाही. आंबट, तिखट, खारट एवढं जिभेला कळतं, पण लसूण खाल्ला काय आणि खडू खाल्ला काय, मला सारखंच. दूध नासलंय का हे शेजारणीला विचारावं लागतं. प्रयोगशाळेत सडक्या अंड्याच्या वासाचा वायू करून दाखवते आणि मुलांनाच विचारते, "आला का रे?" मुलं नाक दाबून बाहेर पळाली की समजायचं, प्रयोग जमला.

आणि थकवा. हा शब्दच चुकीचा आहे. दिवसभर काम केल्यावर माणूस थकतो. मी सकाळी उठतानाच थकलेली असते. दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर. जिना चढून गेलं की छातीत धडधड इतकी व्हायची की बोलायला दम नसायचा. मग पहिली पाच मिनिटं मी फळ्याकडं तोंड करून तारीख, वार, पाठाचं नाव असं सावकाश लिहीत उभी राहायचे. मुलांना वाटायचं मॅडमचं अक्षर फार सुबक आहे.

सगळ्या तपासण्या केल्या. रक्त, छातीचा फोटो, ईसीजी, टूडी इको, थायरॉइड. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तुम्हाला सांगते, 'रिपोर्ट नॉर्मल' यासारखी दुसरी शिवी नाही. त्याच्यानंतर तुमचं कुणी ऐकतच नाही. एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. दुसरे म्हणाले, वय झालं की बायकांना असं होतं... मी तेव्हा एकेचाळीसची होते. मुख्याध्यापकांना म्हटलं, खालच्या मजल्यावरचा वर्ग द्या. तर म्हणाले, "मॅडम, तसं सर्टिफिकेट आणा." सर्टिफिकेट कोण देणार? रिपोर्ट नॉर्मल! कुणी म्हणालं हे लसीमुळं. अहो, लस मी घेतली पाच महिन्यांनंतर आणि वास गेला आधी, एवढा साधा हिशोब माणसाला कळू नये? सासूबाई म्हणाल्या, अमावस्येला मोकळ्या केसांनी फिरली असशील. नवरा म्हणाला, "मनाला लावून घेऊ नको." आणि जाऊबाई उषा, तिनं तर एका वाक्यात निकाल लावला. "सणाला गावाकडं यायचं म्हटलं की ताईला कोविड व्हतो." सगळं घर हसलं. तिची मुलगी पल्लवीसुद्धा हसली होती.

तर हे घर. माकणीच्या अलीकडं आमचं गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथं सासूबाई, धाकटा दीर बालाजी, त्याची बायको उषा आणि पल्लवी राहतात. पल्लवी वीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे माकणी धरणाच्या रस्त्यावर पळायला जायची, आठशे मीटरची तिची वेळ गावातल्या पोरांनाही माहीत होती. आम्ही दोघं नोकरीमुळं लोहाऱ्यात राहतो आणि सणावाराला जातो.

मागच्या येळवशीची गोष्ट. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव घराला कुलूप लावून शेतात जातं. तिथं कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात. डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि ताकातली माठभर आंबील. निवद झाला की "ओलगे ओलगे सालम पलगे" असं ओरडत रानाला फेरी मारून आंबील शिंपडायची, मग जेवणं. त्या दिवशी दुपारी गावात कुत्रंसुद्धा नसतं.

सकाळी मी स्वयंपाकघरात पाटीत उंडे भरत होते. उषा जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, पल्लवी यायची न्हाय. बाहेरची झालीय रात्री. पूजा हाय म्हटल्यावर कसं न्यायचं? तिकडं मागच्या खोलीत बसवलंय तिला. गड्यामाणसात बोलू नका."

आता ऐका. मासिक पाळीवर मी आठवीच्या मुलींना दरवर्षी शिकवते. विटाळ-बिटाळ काही नसतं, शरीराची साधी क्रिया आहे, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगते. आणि त्या सकाळी मी काय म्हणाले? "बरं." सणाच्या दिवशी वाद कशाला, आधीच मला नाटकी म्हणतात... म्हणून बरं म्हणाले. या सगळ्या प्रकरणात मी लोकांवर चिडलेय तशी स्वतःवरही चिडलेय, हे लिहून ठेवते.

आणि त्याच वेळी बालाजी दुसरंच काम उरकत होता. धान्याच्या खोलीत ज्वारीची आणि हरभऱ्याची पोती होती, त्यांना कीड लागायला लागली होती. धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या येतात ना, हवा लागली की त्यांचा गॅस होतो. माणूस घरात असताना त्या ठेवायच्या नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तर त्यानं येळवस निवडली! दिवसभर घर रिकामं असणार. त्यानं पोत्यांत गोळ्या ठेवल्या, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं, हात साबणानं धुतले, पांढरे कपडे घालून ट्रॅक्टर काढला. पल्लवी ज्या मागच्या खोलीत बसली होती, ती याच खोलीला लागून आहे. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नाही, वर हातभर मोकळी जागा. बापाला माहीत नाही मुलगी घरात आहे, कारण असलं बापाला सांगत नाहीत. आईला माहीत नाही गोळ्या ठेवल्यात, कारण धान्याचं बायकांना कोण सांगत बसतंय? गोळ्यांचं मलाही माहीत नव्हतं. हे सगळं नंतर जुळवलेलं आहे.

आमचं रान घरापासून दीड किलोमीटर. नंतर मी मोबाईलवर मोजलं. रान पूर्वेला, गाव पश्चिमेला.

बाराच्या सुमाराला खोपीत पूजेची मांडामांड चालली होती आणि मी बाहेर चटईवर बसले होते. आणि वास आला.

तुम्ही हसाल, पण पहिल्यांदा मला आनंद झाला. चार वर्षांनी वास! कसला का असेना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वाटलं आंबिलीतला लसूण. कुणाला न सांगता उठले, खोपीत गेले, माठावरचं फडकं बाजूला केलं आणि वाकून श्वास घेतला. काही नाही. भज्जीच्या पातेल्यावर वाकले. काही नाही. खीर, उदबत्ती... काही नाही. सरळ उभी राहिले की पुन्हा तोच वास. लसणासारखाच, पण सडका. वेल्डिंगच्या दुकानात कार्बाईड ओलं झाल्यावर येतो तसा. घशात जाऊन बसत होता.

तेवढ्यात सासूबाईंनी बघितलं. निवद दाखवायच्या आधी अन्नाचा वास घ्यायचा नसतो, उष्टं होतं म्हणतात. त्यांचा जीव वरखाली झाला.

"अगं ए! निवदाचा वास घेतलीस व्हय गं? शिकलेली बाई ना तू?"

"आत्या, मला कसलातरी वास येतोय. सडक्या लसणाचा. तुम्हाला येत नाही का?"

"आंबिलीत पावशेर लसूण ठेचून घातलाय, वास यायचा न्हाय तर काय व्हायचं?"

"आंबिलीचा नाही. बाहेरून येतोय."

उषा म्हणाली, "ताई, तुम्हीच म्हणताव ना मला वास येत न्हाय म्हणून? आता यायलाय व्हय? एक काय ते ठरवा की."

मी नवऱ्याकडं बघितलं. हा माणूस माझ्याबरोबर चार वर्षं सोलापूरच्या दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसलेला. तो म्हणाला, "सुनंदा, पूजा होऊ दे. नंतर बघू."

काय सांगू तुम्हाला, तिथं माझं डोकं फिरलं. वास येत नाही म्हणाले तर खोटं. वास येतोय म्हणाले तरी खोटं. म्हणजे मी तोंड उघडलं की ते खोटंच, असं ठरवूनच ठेवलंय का तुम्ही? हे मी मोठ्यानं म्हणाले, पाहुण्यांसमोर, पांडवांसमोर. आणि चपला घालून बांधानं चालायला लागले. कुठं चालले होते, माहीत नाही. त्या माणसांपासून लांब, एवढंच. पण गावाच्या दिशेला जावं तसा वास वाढत होता हे मला कळत होतं. वारं माझ्या पाठीला लागत होतं. पाठीला! म्हणजे वास समोरून यायचं काही कारणच नव्हतं.

शंभर-दीडशे पावलं गेले असेन. मग पायातली ताकद गेली, नेहमी जाते तशी. धडधड सुरू झाली, डोळ्यांसमोर पिवळं आलं. बांधावर बसले. मागून बालाजी मला न्यायला आला. स्वभावानं वाईट नाही तो, चेष्टेखोर आहे.

"वैनी, उठा. आई लई चिडलीय. कसला वास म्हणलाव तुम्ही?"

"सडक्या लसणाचा. कार्बाईडसारखा."

तो हसला. "तसला वास तर गोळ्याचा असतोय. धान्यातल्या. सकाळीच ठेवलोय मी पोत्यात. पण त्या घरी हायत, हितं कुठून यील वास?"

"कुठल्या खोलीत?"

"धान्याच्याच की. फटी-बिटी समद्या बुजवल्यात, काळजी करू नका. घरात कुणी न्हाय."

"पल्लवी कुठं आहे, बालाजी?"

"असंल तिकडं बोरीखाली, पोरीपोरीत."

"ती घरी आहे. मागच्या खोलीत."

"कामून?"

"पाळी आलीय तिला."

धाकट्या दिराशी हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. तो पळत सुटला. कुणाचीतरी मोटारसायकल बांधाला लावलेली होती, किल्ली तशीच होती, ती काढून गावाकडं गेला. मी तिथंच बसून राहिले, कारण मला उठताच येत नव्हतं. मोबाईल खोपीत पिशवीतच राहिला होता. खोपीकडून 'ओलगे ओलगे' सुरू झालं होतं, त्यामुळं मी मारलेल्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

पल्लवी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडलेली सापडली. उलट्या करून करून तिच्यात त्राण राहिलं नव्हतं. दाराची कडी काढेपर्यंत आली आणि तिथंच कोसळली होती. बालाजीनं तिला उचलून अंगणात आणलं, शेजारच्या गावाहून जीप मागवली, आधी लोहारा आणि तिथून धाराशिव. तीन दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. वाचली. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर त्या खोलीत राहिली असती तर सांगता आलं नसतं.

बांधावर बसले होते तेव्हा कधीतरी तो वास गेला. बालाजीनं तिला बाहेर काढलं त्याच वेळी गेला का, हे मला घड्याळ लावून सांगता येणार नाही. माझ्या हातात घड्याळ नव्हतं आणि असतं तरी बघायचं भान नव्हतं. मसाला लावून सांगायचं असतं तर "त्याच क्षणी गेला" असं लिहिलं असतं.

नंतर मी माझ्यापरीनं सगळं तपासलं. सकाळी गोळ्यांचं पाकीट माझ्या नजरेला पडलं होतं का? नाही, मी त्या बाजूला फिरकलेच नव्हते. बालाजीच्या अंगाला वास होता का? असला तरी मला कसा कळणार, आणि त्याच्याजवळ बसलेल्या दहा जणांना का कळला नाही? वाऱ्याचं सांगितलंच. सोलापूरच्या नाकाच्या डॉक्टरांकडं पुन्हा गेले. त्यांनी डोळे मिटायला लावून लवंग, कॉफी, हिंग, निलगिरी सगळं नाकाशी धरलं. एकही ओळखता आलं नाही. पूर्वीसारखंच. ते म्हणाले, "कोविडनंतर काही जणांना नसलेले वास येतात. मेंदूचा खेळ असतो." मी म्हटलं, "मान्य. पण तोच वास, त्याच दिवशी, त्याच वेळी?" म्हणाले, "योगायोग." असेलही. मी वर्गात मुलांना सांगते की योगायोग हे उत्तर आहे, पण स्पष्टीकरण नाही.

आता खरा संताप पुढं आहे.

चार वर्षं जी माणसं माझ्या आजारावर विश्वास ठेवायला तयार नव्हती, त्यांनी या चमत्कारावर एका दुपारीत विश्वास ठेवला. रिपोर्ट मागितला नाही, सर्टिफिकेट मागितलं नाही! सासूबाईंनी माझ्यावरून नारळ ओवाळला. पुढच्या वेळी गावी गेले तर ओसरीत सात-आठ बाया बसलेल्या. एकीची म्हैस दूध देईना, एकीच्या सुनेला दिवस जाईनात. "बाई, जरा वास घेऊन सांगा की." मी म्हटलं, "मला वास येत नाही हो." तर एकमेकींकडं बघून हसल्या... देवीची माणसं अशीच बोलतात म्हणे! मी म्हटलं, मला बसवत नाही, मी जरा आडवी होते. तर बाहेर उषा सांगत होती, "ताईवर लई भार येतोय त्याचा."

म्हणजे थकवाही खरा ठरला, पण देवीचा म्हणून. माझा म्हणून नाही.

आणि मुख्याध्यापक. एक दिवस ऑफिसात बोलावलं, दार लोटलं, खुर्ची दिली. खुर्ची! आवाज खाली घेऊन म्हणाले, "मॅडम, नवीन प्लॉट घेतोय. एकदा येऊन बघता का, काही जाणवतं का ते." मी म्हटलं, "सर, तुमचा प्लॉट दुसऱ्या मजल्यावर आहे का? कारण जिने चढून मला काहीच जाणवेनासं होतं." त्यांना कळलं नाही. वर्ग अजून वरच आहे.

तीन महिन्यांनी पल्लवी आमच्याकडं लोहाऱ्याला आली. एकटीच, एसटीनं. दारात उभी होती तेव्हाच मला कळलं. कळायला काही दैवी लागत नाही. अर्ध्या जिन्यावर थांबलेलं माणूस मला ओळखू येतं. चप्पल काढताना तिनं भिंतीला हात लावला होता.

"मोठ्याई," ती म्हणाली, मला ती मोठी आईच म्हणते, "मला पळायला येईना झालंय. दोनशे मीटरला छाती भरून येती. दिवसभर झोपावं वाटतंय. रिपोर्ट समदे चांगले हायत. पप्पा म्हणतेत, बरी झालीस की आता, भरतीला भिऊन नाटकं करायलीस. मम्मी म्हणती, मोबाईल कमी कर." मग पिशवीतून रिपोर्टची फाईल काढून माझ्यापुढं ठेवली. "मी खोटं बोलत न्हाय, मोठ्याई."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

ती रडायला लागली. मीही. रडता रडताच म्हणाली, "तुमचं बी असंच व्हतं व्हय, चार वर्षं? मी बी हसले व्हते तुमच्यावर. त्या दिवशी मम्मी बोलली तवा."

चार वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं. नवरा नाही, डॉक्टर नाही, कुणीच नाही. जिचा जीव वाचला म्हणून मला देवी केलं, तिला मात्र देवीचं काही पडलेलं नव्हतं. तिनं वासाचा विषयसुद्धा काढला नाही.

त्या वासाचं स्पष्टीकरण माझ्याकडं आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. फक्त 'देवीची कृपा' असं लिहू नका आणि 'मनाचे खेळ' असंही लिहू नका, ही दोन्ही औषधं घेऊन झाली आहेत.

त्या दुपारी मी तिला जेवायला वाढलं, पंखा लावला आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी आडव्या झालो. साडेचारला उषाचा फोन आला. "पोरगी तिकडं येऊन बी झोपूनच हाय का? उठवा की तिला, ताई."

मी म्हटलं, "झोपलीय. आणि मी उठवणार नाही." आणि फोन ठेवला.